आकडा कळण्याआधी सही

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तू आमच्या ओसरीवर दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवलेस. तुमच्या सामाईक चार एकर संत्राबागेची किंमत तू नेमलेल्या मूल्यांककाने 58 लाख लावली आहे आणि नागपूरच्या काकांच्या मूल्यांककाने 94 लाख. काकांचा अर्धा हिस्सा तुला विकत घ्यायचा आहे, म्हणजे तुमचे भांडण 18 लाखांचे आहे. ‘यातला खोटा कोणता?’ असे तू विचारलेस. मी गप्प राहिलो, कारण हाच प्रश्न मी नऊ वर्षे विचारत राहिलो होतो.

रात्री दोन्ही अहवाल नीट वाचले. खोटा कोणताच नाही. काकांचा माणूस ऑक्टोबरमध्ये आला, तेव्हा विहीर भरलेली होती आणि आंबिया बहाराच्या फळांनी फांद्या वाकल्या होत्या. तुझा माणूस मे महिन्यात आला, तेव्हा विहिरीने तळ गाठला होता. काकांच्या अहवालात 440 झाडे आहेत, तुझ्यात 380, कारण डिंक्या रोगाने गेलेली साठ झाडे एकाने धरली आणि दुसऱ्याने वगळली. एकाने लागवड मोजली, दुसऱ्याने उत्पन्न देणारी झाडे. वावर एकच असले तरी दोघांना विचारलेले प्रश्न वेगळे होते आणि ज्याने पैसे दिले त्याच्या मनासारखा प्रश्न प्रत्येकाने निवडला. त्यात तू रेडी रेकनरचा कागदही जोडला आहेस. जमिनीच्या सरकारी दरांची ती नोंदवही मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असते. आदिलाबादच्या एका भूसंपादन प्रकरणात 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा नोंदवहीच्या आधारे जमिनीचा बाजारभाव ठरवता येत नाही. तो कागद बाजूला ठेव.

आता तुझे ते वाक्य. ‘तिसऱ्या माणसाचा अंदाज घेऊन पाहू, पटला तर मान्य करू.’ ते ऐकून मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. पटला तर मान्य करायचा असेल, तर तो तिसरा माणूस नेमूच नका. तुमच्याकडे दोन अहवाल आहेत, त्यात तिसऱ्याची भर पडेल एवढेच. जो आकडा येईल तो मान्य, अशी सही आकडा कळण्याआधी करायची असते. आकडा कळला की माणूस आकड्याकडे पाहूनच बोलतो, मग तो कितीही सज्जन असो.

आमच्या बागेच्या वाटणीत मोठ्या बंधूंनी, दादांनी, मला हेच सुचवले होते. एका निवृत्त कृषी अधिकाऱ्याचे नाव त्यांनी घेतले; मी म्हणालो, आधी त्यांचा आकडा येऊ द्या, मग बघू. त्या ‘मग’मध्ये नऊ वर्षे कोर्टात गेली. बाग कोणाच्या वाट्याला येणार हे ठरले नव्हते, म्हणून खत कोणीच टाकले नाही आणि कोळशी रोगावर फवारणीही कोणी केली नाही. पाने काळी पडत गेली. शेवटी जमीन तिसऱ्यालाच विकली, तीही दोघांच्या अहवालांतल्या कमी आकड्याहून कमी भावाने. दादा त्यानंतरची दिवाळी पाहू शकले नाहीत.

तरीही एक गोष्ट आजही ठासून सांगतो. आमच्या बागेतली विहीर मी माझ्या पैशाने खोदली होती आणि तिची किंमत वेगळी धरावी हा माझा आग्रह रास्त होता. माझी चूक आग्रहात नव्हती. तो आकडा आल्यानंतर मांडला, ही चूक होती. तुझ्या वडिलांनी बसवलेल्या ठिबकाबद्दल तुझ्या मनात जे आहे, ते आताच काकांसमोर मांड. एकाने केलेली सुधारणा कशी धरायची, हे आधी लिहिले गेले तर तो मुद्दा असतो. नंतर काढले तर ते कुरबूर वाटते, आणि मला ते ऐकून घ्यावे लागले आहे.

कागदावर काय हवे, तेही सांगतो. मूल्यांकनाचा दिनांक एकच असावा आणि झाडावरचा बहार धरायचा की नाही, हे स्पष्ट लिहावे. धुऱ्याबद्दल, म्हणजे शेताच्या हद्दीबद्दल, शंका असेल तर आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्यावी. मूल्यांकक शेतजमिनीच्या वर्गात नोंदणी झालेला असावा. घरे-इमारतींची नोंदणी वेगळी असते, हे अनेकांना ठाऊक नसते. नावावर एकमत होत नसेल, तर तुमच्या दोन मूल्यांककांनी मिळून तिसरा निवडावा. फी दोघांनी निम्मी निम्मी द्यावी. पाहणीला दोघेही हजर असावेत आणि एकाने दुसऱ्याच्या पश्चात त्याला फोनसुद्धा करू नये. मसुदा अहवाल आला की झाडांची संख्या, गट क्रमांक, क्षेत्र एवढ्याच चुका दाखवाव्यात. किमतीबद्दल चकार शब्द काढू नये. त्याला लवाद मात्र म्हणू नका. लवाद दोघांची बाजू ऐकून निवाडा देतो आणि त्याला 1996 चा स्वतंत्र कायदा लागू होतो. तुम्हाला निवाडा नको आहे, फक्त किंमत हवी आहे.

आणखी एक अट घाल, जी तुला आवडणार नाही. ठरलेल्या मुदतीत तुला पैसे उभे करता आले नाहीत, तर त्याच आकड्याने काकांनी तुझा हिस्सा घ्यावा. आपण घेणार की देणार हे पक्के नसले की आकडा फार कमी यावा असेही वाटत नाही आणि फार जास्त यावा असेही नाही. तू म्हणशील, बाग मी राखली, मग ती जाण्याची जोखीम मी का घ्यावी? बाळा, मीही राखली होती.

काकांवर तुझा विश्वास उरलेला नाही हे मला कळते. विश्वास असता तर त्रयस्थ माणसाची गरजच पडली नसती; म्हणून तर सही आधी हवी. आकडा तुझ्या मनाविरुद्ध आला, तरी त्या रात्री तुला वकिलाकडे धावावेसे वाटू नये, यासाठी ती हवी.

मसुदा मी लिहून ठेवला आहे. मूल्यांककाचे नाव, दिनांक आणि रक्कम या तीन जागा कोऱ्या आहेत. पहिल्या दोन तुम्ही दोघांनी माझ्यासमोर भरून खाली सह्या करायच्या; तिसरी तशीच राहील. काका पोळ्याला गावी येतील तेव्हा एकटा येऊ नकोस, त्यांना बरोबर घेऊन ये.

तुझा,
गुरुजी