टीसी नंतर, आधी ती सही मागे घ्या

पारोळा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलंय. त्यांची मुलगी (पत्रात त्यांनी सरळ अहिराणीतलं ‘आंडेर’ लिहिलंय, मला बरं वाटलं) जवळच्याच महाविद्यालयात बी.ए. करते, मेजर म्हणजे मुख्य विषय भूगोल. दुसरं वर्ष संपलं. एप्रिलअखेर विभागात बोलावून सांगण्यात आलं की तिसऱ्या वर्षाला भूगोलाची चारच मुलं उरलीत, वर्ग चालवणं परवडत नाही. राज्यशास्त्र घ्या, नाहीतर टीसी काढून धुळ्याला जा, तेही नको असेल तर दोन वर्षांचा डिप्लोमा घेऊन ‘एक्झिट’ व्हा. छापील अर्ज पुढे सरकवला आणि बापलेकीने सह्या करून दिल्या. आता विचारतायत, कॉलेजला असं करता येतं का, आणि ग्राहक मंचात गेलो तर?

अशी पत्रं दर जूनला येतात. कधी भौतिकशास्त्र, कधी संस्कृत, कधी हिंदी. विषय बदलतो, छापील कागदावरची सही तीच.

कमी विद्यार्थ्यांचा वर्ग चालवणं कॉलेजला जड जातं, हे खोटं नाही. तुकडी अनुदानित असेल तर प्राध्यापकांचा कार्यभार उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात तपासला जातो; तास भरले नाहीत तर पद धोक्यात येतं. विनाअनुदानित असेल तर तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचं मानधन फीमधूनच निघायचं, आणि चार मुलांच्या फीत भूगोलाची प्रात्यक्षिकं कशी बसणार? तेव्हा विषय बंद करावा असं संस्थेला वाटणं बेकायदा नाही. कायदा बघतो तो एवढंच, की बंद कुठून सुरू केलं.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मधलं कलम 121 काढा. संलग्न महाविद्यालय बंद करायचं तर संस्थेने आधीच्या वर्षाच्या 1 ऑगस्टपर्यंत विद्यापीठाकडे कारणांसह अर्ज करायचा. विद्यापीठ चौकशी करतं, मदत देऊन किंवा दुसऱ्या संस्थेकडे सोपवून बंद टाळता येईल का ते पाहतं, आणि शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय कुलूप लागत नाही. मात्र तुमचं प्रकरण ज्यावर उभं आहे ते वाक्य कलमाच्या शेवटी आहे: बंद टप्प्याटप्प्याने करायचं, आधीच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना झळ पोहोचू द्यायची नाही, आणि पहिलं वर्ष सर्वांत आधी बंद करून नवे प्रवेश थांबवायचे.

म्हणजे दार खालून लावत यायचं. तुमच्या कॉलेजने ते वरून लावायला घेतलंय. तिसरं वर्ष बंद, आणि पहिल्या वर्षाचं काय? गेल्या जूनमध्ये भूगोलाला नवे प्रवेश दिले का, यंदाच्या माहितीपत्रकात भूगोल छापलाय का? दिले असतील, छापला असेल, तर ते माहितीपत्रक आजच घरात आणून ठेवा. तुमच्या पत्रात याबद्दल एक ओळ नाही आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच आहे.

आता अडचण. कलमाची भाषा ‘महाविद्यालय’ बंद करण्याची आहे. संस्थेचे वकील म्हणतील, आम्ही कॉलेज बंद करत नाही, बी.ए.सुद्धा चालू आहे, फक्त एका विषयाचा एक वर्ग भरवत नाही. या युक्तिवादात अगदीच दम नाही असं मी म्हणणार नाही. माझं उत्तर असं राहील की परवानगी आणि संलग्नीकरण विषय आणि अभ्यासक्रम पाहूनच मिळतं, ते घेऊन मुलीला प्रवेश दिला, मग तीन वर्षं पुरी करून देण्याची जबाबदारी मध्येच झटकता येत नाही. न्यायालय कुठल्या बाजूला झुकेल ते बरंचसं एका गोष्टीवर ठरेल: भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाला विद्यापीठाचं संलग्नीकरण आहे की नाही. विषय नवा असेल आणि तिसऱ्या वर्षाची मान्यता मुळात मिळालीच नसेल, तर चित्र वेगळं. ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात लेखी विचारा. सोबत महाविद्यालय विकास समितीच्या ठरावाची प्रत मागा. ठराव असेल तर कळेल काय ठरलंय, आणि नसेल तर विभागात बसून कोणीतरी तोंडी हुकूम सोडलाय हे उघड होईल. त्या समितीवर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही असतात. त्यांना विचारायला काय हरकत होती?

आता त्या अर्जाकडे येतो. तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. ‘मी स्वेच्छेने विषय बदलून मागत आहे’ हे छापील. नाव पेनाने. तारखेची जागा कोरी. भाऊ, कोऱ्या तारखेच्या कागदावर सही करणाऱ्या माणसाला मी काय सांगू? सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर तुम्ही असं केलं असतंत का? तुमच्या सहीला तसा अर्थ नाही, मुलगी सज्ञान आहे. तिच्या सहीला आहे. उद्या कोर्टात कॉलेज हाच कागद दाखवून म्हणेल, आम्ही वर्ग बंद केलाच नाही, मुलीने आपणहून विषय सोडला. मग कलम 121 ची चर्चासुद्धा होणार नाही.

म्हणून पहिलं काम, मुलीने स्वतःच्या हाताने अर्ज लिहायचा: ‘विषयबदलाचा अर्ज वर्ग बंद होणार असल्याचं सांगितल्यामुळे दिला होता, तो मी मागे घेते, मला भूगोल मेजरच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश द्यावा.’ दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. लिपिक घेत नसेल तर स्पीड पोस्टाने प्राचार्यांना, आणि त्याचीच प्रत विद्यापीठाच्या कुलसचिवांना आणि जळगावच्या सहसंचालकांना. टीसीचा अर्ज दिला असेल तर तोही याच पत्रात मागे. टीसी हातात पडली की ती त्या कॉलेजची विद्यार्थिनीच राहत नाही, आणि भांडणाचं अर्धं बळ तिथेच जातं.

सही एप्रिलअखेरची, पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यातलं. मध्ये बागायती कपाशीची लागवड होती, असं तुम्ही लिहिलंय. कबूल. पण तिसऱ्या वर्षाची नोंदणी आणि पुढे परीक्षेचा अर्ज राज्यशास्त्रात भरला गेला तर मागे फिरणं फार कठीण आहे. लागवड पंधरा दिवस पुढे गेली तर पाऊस सांभाळून घेतो, इथे कोण सांभाळणार?

लेखी नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2023 च्या नियमांनुसार समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, त्यावर नाराज असाल तर पुढच्या 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. कागदावर मुदती छान आहेत. प्रत्यक्षात समितीची बैठकच लागत नाही, म्हणून तक्रारीचा पोच क्रमांक जपा आणि तिच्या भरवशावर गप्प बसू नका. जुलैपर्यंत काही हललं नाही तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट याचिका करावी लागेल. तिथे पहिला प्रश्न असेल, इतके दिवस काय करत होता? अंतरिम आदेश लवकर मिळाला तर ठीक. अंतिम सुनावणीची वाट पाहत बसलात तर मुलगी तोवर एम.ए. होऊन जाईल, आणि न्यायाधीश म्हणतील की आता या याचिकेत काही उरलं नाही. असं झालेलं मी पाहिलंय.

ग्राहक मंचाचा नाद सोडा. शिक्षण ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये आणि पुन्हा 2012 मध्ये म्हटलंय. 2020 मध्ये त्याच न्यायालयाने हा प्रश्न पुन्हा सुनावणीला घेतला खरा, पण त्या वादात तुमचं वर्ष कशाला घालता? आणि मिळून मिळणार काय, फीचे पैसे. तुम्हाला वर्ग हवाय.

‘एक्झिट’चं एकच. दोन वर्षांनंतर 80 ते 88 क्रेडिटवर (श्रेयांकांवर) डिप्लोमा घेऊन बाहेर पडण्याची सोय नव्या शैक्षणिक धोरणात आहे, पण ती विद्यार्थ्याच्या मर्जीची आहे. कॉलेजने ती सुचवायची नसते, छापील अर्जावर तर नाहीच.

शेवटी तडजोड म्हणून कॉलेज म्हणेल, वर्ग धुळ्याला किंवा अमळनेरला करा, आम्ही सोय लावतो. विद्यापीठाने लेखी आदेश काढून, सगळे क्रेडिट तसेच ठेवून, मेजर न बदलता सामावून घेतलं तर विचार करायला हरकत नाही. एसटीचा पास आणि महाडीबीटीची शिष्यवृत्ती यांचं काय होणार तेही त्याच आदेशात यायला हवं. सामावून घेणाऱ्या कॉलेजचं पत्र हातात येईपर्यंत मात्र टीसीचा अर्ज करू नका.