विमानाच्या नाकाखालचा निळा थेंब

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि जवळच्या धावपट्टीवरील हँगरमध्ये मदतनीस म्हणून काम करतो. तेथील जुन्या, कार्बोरेटर असलेल्या सेसना १७२ विमानाच्या नाकाखाली पुष्कळदा सकाळी निळसर ओला डाग दिसतो. ‘कार्बोरेटर म्हटला की थोडे गळणारच,’ असे मला सांगण्यात आले. आमच्या घरच्या राजदूत मोटारसायकलचा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊ लागला की वडील त्यावर पान्याने दोन टिचक्या मारत आणि गळती थांबत असे. विमानाला हा उपाय चालेल का?
— एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : वडिलांच्या टिचकीत तथ्य होते, परंतु विमानाला ती मारू नये. इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या वाटीत एक फ्लोट, म्हणजे हलका तरंगता गोळा, असतो. पेट्रोलची पातळी ठरलेल्या उंचीला पोहोचली की तो सुईसारखी झडप वर ढकलून तिच्या बैठकीत दाबून धरतो आणि पेट्रोल आत येणे थांबते. बैठकीत कचऱ्याचा कण अडकला किंवा फ्लोट वाटीच्या भिंतीला घासून अडला, तर झडप पुरती बसत नाही. टिचकीच्या हादऱ्याने कण सुटतो आणि ती बसते. पण सुटलेला कण वाटीतच राहतो आणि पुढे जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक छिद्रात, अडकू शकतो. राजदूत वावराच्या धुऱ्यावर बंद पडली तर ढकलत घरी आणता येते, विमानाला ती सोय नाही.

तुमच्या विमानात कार्बोरेटर इंजिनाच्या खालच्या बाजूस असतो, हवा त्यात खालून वर शिरते आणि त्याच्याही खाली हवेची पेटी असते. वाटीतील पेट्रोलची योग्य पातळी हवेत पेट्रोल सोडणाऱ्या नळीच्या तोंडापेक्षा किंचित खाली असते. म्हणून झडप थोडी जरी झिरपली तरी पातळी तोंडापर्यंत चढते, पेट्रोल हवेच्या पेटीत उतरते आणि तिच्या तळाच्या छिद्रातून जमिनीवर ठिबकते. त्यातच टाक्या पंखांत, म्हणजे इंजिनापेक्षा उंच असल्याने पेट्रोलचा कॉक उघडा राहिला तर त्या बारीकशा झडपेवर रात्रभर पेट्रोलचा दाब राहतो. राजदूत उभी करताना पेट्रोल कॉक बंद करण्याची जी सवय आपल्याकडे घरोघरी होती, तीच येथेही पहिला उपाय आहे. मात्र बंद केलेला कॉक सकाळी उघडायचा राहिला, तर वाटीत आणि कॉकपासून तिथवरच्या नळीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होते व ते संपताच बंद पडते, कदाचित उड्डाण केल्यानंतरच. म्हणून ‘कॉक बंद आहे’ अशी ठळक पाटी वैमानिकाच्या नजरेसमोर टांगावी.

कॉक बंद केल्याने डाग पडायचा थांबेल, पण दोष तसाच राहील. झडप किंवा तिची बैठक झिजलेली असू शकते. पोकळ फ्लोटला चीर पडून त्यात पेट्रोल शिरले, तर तो जड होऊन बुडू लागतो. फ्लोटची उंची चुकीची बसवलेली असणे हेही नेहमीचे कारण आहे. या जातीच्या बहुतेक कार्बोरेटरांत फ्लोट आणि गॅस्केट (सांध्यात बसवलेली पातळ चकती) यांच्यातील अंतर ७/३२ इंच, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर ठेवतात. हे काम परवानाधारक देखभाल अभियंत्याचे आहे, आपण वाटी उघडू नये. आपल्या हातात स्वच्छता आहे. कापसाच्या पट्ट्यात राहत असल्यामुळे सांगतो, इंधनाच्या जवळ सुती चिंध्या वापरू नयेत. त्यांचा एखादा तंतूसुद्धा झडपेत अडकण्यास पुरेसा असतो.

नाकाखालचा प्रत्येक थेंब कार्बोरेटरचाच असतो असेही नाही. इंधनगाळणीच्या वाटीचा निचरा-वॉल्व्ह, प्रायमरची (सुरू करण्यापूर्वी इंजिनात थोडे पेट्रोल सोडणाऱ्या हातपंपाची) नळी आणि कार्बोरेटरच्या दोन अर्ध्या भागांमधील गॅस्केट यांतूनही गळती होते. विमानाच्या १०० एलएल पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो. ते उडून गेल्यावर निळा डाग उरतो, आणि तो सर्वांत वर कोठे सुरू होतो ते पाहिले की मूळ जागा सापडते. आणखी एक प्रकार माणसाच्या हातून घडतो. इंजिन फिरत नसताना थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) वारंवार पुढे-मागे केला, तर कार्बोरेटरमधील छोटा पंप पेट्रोल उडवतो आणि ते ओढून घेणारी हवा नसल्यामुळे खाली पेटीत पडते. अशा वेळी इंजिन उलटे भडकले, म्हणजे ज्वाळा इंजिनातून मागे कार्बोरेटरकडे आली, तर पेटी पेट घेते. आग लागलीच, तर स्टार्टर सोडू नये. मिश्रणाचा दांडा ओढून इंजिनाचे पेट्रोल बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन फिरवत राहावे, म्हणजे ज्वाळा आत ओढल्या जातात.

थेंब धरण्यासाठी खाली प्लास्टिकची बादली ठेवण्याची पद्धत मी पाहिली आहे. स्थिर विजेची ठिणगी आणि जमिनीलगत साचणारी पेट्रोलची जड वाफ यांची गाठ तेथेच पडू शकते, त्यामुळे ती त्वरित बंद करावी. ‘थोडे गळणारच’ हे उत्तर स्वीकारू नका. दिसलेला डाग तारखेसह देखभालीच्या वहीत नोंदवून घ्या.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी आमच्या विमानाच्या डाव्या पंखाखालून पेट्रोल ठिबकते. तेही कार्बोरेटरमुळेच का?
— एक प्रशिक्षणार्थी, गोंदिया जिल्हा

उत्तर : नाही. ते टाकीच्या हवा-नळीतून, म्हणजे टाकीत हवा ये-जा करण्यासाठी ठेवलेल्या नळीतून, येते. सकाळी काठोकाठ भरलेले १०० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले, तर ते दोन लिटरांहून अधिक फुगते आणि वाट सापडेल तेथून बाहेर पडते. उन्हात उभ्या राहणाऱ्या विमानाची टाकी थोडी रिकामी ठेवावी, किंवा उड्डाणाच्या थोडे आधी भरावी. सावलीतही ठिबकणे थांबले नाही, तर मात्र हवा-नळीची झडप तपासून घ्यावी.