जामीन मिळाला, जामीनदार मिळेना

प्रश्न : चोरीच्या गुन्ह्यात भावाला १५,००० रुपयांचा जातमुचलका (स्वतःचे हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार या अटीवर जामीन मिळाला. तीन आठवडे झाले तरी तो तुरुंगातच आहे. आमच्याकडे फक्त वनपट्टा (वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन) आहे. मामांचे शेत सेंधव्याकडे, म्हणजे मध्य प्रदेशात. एक जण चार हजारांत जामीनदार उभा करून देतो म्हणतो. काय करावे?
– एक वाचक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. आपण आणखी किती जणांना जामीन आहोत, हे प्रत्येक जामीनदाराला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८६ नुसार जाहीर करावे लागते. पैसे घेऊन उभे राहणारे नेमके हेच लपवतात आणि सातबाराही पुष्कळदा दुसऱ्याचाच असतो. पडताळणीत ते उघडे पडले की भाऊ पुन्हा आत जाऊ शकतो आणि खोट्या कागदांचा गुन्हा तुमच्याही गळ्यात येतो.

मामांना आणा. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता, आणि त्याच्या भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्या भावाला जामीनदार म्हणून नाकारले होते. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी दोन्ही गोष्टी चूक ठरवल्या. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांतही स्थानिक जामीनदाराची अट टाळावी असे सुचवले आहे. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना सोयरीक असलेल्या आपल्या भागात ही अट फार जाचक ठरते, म्हणून वकिलांना हे दोन्ही आधार अर्जात लिहायला सांगा. मामांच्या शेताच्या खसरा-खतौनीची (तिकडच्या सातबाराची) ताजी प्रत, आधार, फोटो आणि ऐपतीचे प्रतिज्ञापत्र जोडा; कलम ४८५ नुसार न्यायालय असे प्रतिज्ञापत्र स्वीकारू शकते.

वनपट्टा वारसाने जातो, पण विकता येत नाही. त्यातून वसुली होणार नाही, म्हणून ऐपतीसाठी तो अपुरा पडतो. भावाचा ठावठिकाणा पक्का आहे हे दाखवायला मात्र तो जरूर जोडा. गावातले कोणी सातबारा घेऊन तयार असेल तर आधी त्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना पाहा. सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल, तर तो वजा जाता १५,००० पेक्षा जास्त किंमत उरते हे दाखवावे लागेल. खाते सामाईक असेल तर जामीनदाराचा हिस्सा किती, हा प्रश्न येतोच.

यातले काही जमले नाही तर कलम ४९० खाली जामीनदाराऐवजी रोख भरण्याची परवानगी मागा. रक्कम झेपत नसेल तर कलम ४८४ खाली सत्र न्यायालय ती कमी करू शकते. रोखीचा आदेश नीट वाचा. पुष्कळदा ती सवलत चार आठवड्यांपुरती असते आणि त्यानंतर जामीनदार द्यावाच लागतो. मुदत संपण्याआधी वाढ मागितली नाही तर पुन्हा अटकेची वेळ येऊ शकते.

रोखही नसेल तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे. २०२३ च्या मूळ सूचनांत कच्च्या कैद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत होती. ती थेट न्यायालयात भरली जाते, पण आदेशात फक्त जामीनदारच मागितला असेल तर या पैशांचा उपयोग होत नाही, म्हणून आधी कलम ४९० चा आदेश घ्या. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे असते. तुमचे तीन आठवडे झालेत, म्हणून आजच प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी अर्ज द्या. हेल्पलाइन १५१००. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. महिना उलटला तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते.

प्रश्न : अमेरिकेत पैशांचा जामीन बंद झाला म्हणतात. मग आरोपी पळत नाहीत का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : सगळीकडे बंद झालेला नाही. इलिनॉय राज्याने १८ सप्टेंबर २०२३ पासून तो पूर्ण बंद केला. न्यू जर्सीत २०१७ पासून तो जवळपास संपला. तिथे पैशांऐवजी आरोपी पळून जाण्याचा किंवा नवा गुन्हा करण्याचा धोका किती हे पाहून निर्णय होतो. खटल्याआधी तुरुंगात असणारे बरेच कमी झाले, आणि तारखेला हजर राहण्याचे प्रमाण २०१४ मधल्या ९२.७ टक्क्यांवरून २०१७ मध्ये ८९.४ टक्क्यांवर आले, म्हणजे फार घसरले नाही. माणसाला तारखेला आणण्यासाठी गरिबाला पैशांवाचून कोंडून ठेवण्याची गरज नसते, हे त्यातून दिसते.

प्रश्न : भरलेली रोख परत मिळते का?

उत्तर : मिळते, आरोपी तारखांना हजर राहिला असेल तर. खटला संपल्यावर मूळ पावती आणि निकालाची प्रत जोडून त्याच न्यायालयात अर्ज करा. पावतीवर खरोखर पैसे भरणाऱ्याचेच नाव घाला. मध्यस्थाचे नाव पडले की परतावा त्याच्या हाती जातो.