आई-बाबांची पॉलिसी, मुलांची सही

या वेळी आलेली बरीच पत्रं आई-वडील आणि मुलं यांच्यातल्या आरोग्य विम्याच्या व्यवहाराबद्दल आहेत. मुलं बेंगळुरूला, पुण्याला, आखातात किंवा बोटीवर, आणि आई-वडील गावात. हप्ता एकजण भरतो, आजार दुसऱ्याला असतो आणि कागद तिसऱ्याच्या कपाटात. त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

बाबा ६३ वर्षांचे, आई ५८. बाबांना नऊ वर्षं मधुमेह आहे, आईला बीपीची गोळी. मी बेंगळुरूहून ऑनलाइन पॉलिसी काढते आहे. ओळखीचा एजंट म्हणतो, "मधुमेह लिहू नका, हप्ता वाढेल. तीन वर्षं काढली की कोण विचारतोय?" बाबांचंही तेच म्हणणं. काय करू? – एक मुलगी, साखळी

मधुमेह लिहाच. एजंटाचा हिशेबच चुकीचा आहे. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम न मिळण्याचा काळ, आहे (एप्रिल २०२४ पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असे), पण ही सवलत सांगितलेल्या आजाराला मिळते. लपवलेला आजार तीन वर्षांनी आपोआप सामावला जात नाही. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिल्यावर, माहिती दिली नव्हती एवढ्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही हे खरं. पण त्यानंतरही फसवणूक सिद्ध केली तर नाकारता येतो, आणि एजंटाच्या सांगण्यावरून जाणूनबुजून कोरा सोडलेला रकाना त्याच अंगाने जातो. शिवाय आजार काही पाच वर्षं थांबत नाही.

हे उघडकीला कसं येतं ते पाहा. बाबांना छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री कॅज्युअल्टीत नेलं. ड्युटीवरचा डॉक्टर पहिल्या पाच प्रश्नांत विचारतो, "साखर आहे? किती वर्षं?" आई घाबरलेली असते, ती म्हणते, "असेल दहा-बारा वर्षं." डॉक्टर केसपेपरवर "मधुमेह, १२ वर्षांपासून" असं लिहून मोकळा होतो. तीच ओळ पुढे डिस्चार्ज समरीत उतरते, आणि कंपनीचा माणूस ती तुमच्या अर्जाशेजारी ठेवून वाचतो. खरा आकडा नऊ होता की बारा, हे नंतर सिद्ध करत बसायचं काम तुमच्याकडे येतं. म्हणून निदानाचा महिना आणि वर्ष एका कागदावर लिहून तो औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. इस्पितळात तोंडी उत्तर देण्यापेक्षा तोच कागद पुढे करा.

अर्ज फोनवर घाईत भरू नका. चवथीला घरी याल तेव्हा दोघांना समोर बसवून भरा, किंवा व्हिडिओ कॉलवर आईला गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिपा टेबलावर मांडायला सांगा. प्रत्येक स्ट्रिपेवरचं नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा आणि कधीपासून हे टिपा. मग जुनी ऑपरेशनं विचारा: हर्निया, मोतीबिंदू, पित्ताशय, गर्भाशय, सिझेरियन. बायका गर्भाशयाच्या ऑपरेशनाला आजार मानत नाहीत आणि सांगत नाहीत. ते मुद्दाम विचारावं लागतं. "थायरॉइडची बारीक गोळी" हीसुद्धा नोंद आहे.

अर्ज गेल्यावर कंपनीचा डॉक्टर बाबांना फोन करतो. हा कॉल रेकॉर्ड होतो. तो बहुतेकदा हिंदीत किंवा इंग्रजीत असतो आणि बाबा "नाही, तसं काही नाही, थोडी साखर आहे" असं बोलून टाकतात. अर्जात मधुमेह आणि कॉलवर "तसं काही नाही", असा विरोध राहू देऊ नका. मराठीत बोलणारा डॉक्टर मागा आणि कॉलच्या वेळी स्वतःही लाइनवर राहा. त्यानंतर रक्ततपासणी होईल: तीन महिन्यांची साखर, क्रिएटिनिन, कदाचित ईसीजी. निकाल पाहून कंपनी हप्ता वाढवते, प्रतीक्षा काळ लावते किंवा नकार देते. एका कंपनीने नाकारलं तरी दुसरी घेऊ शकते, मात्र पुढच्या अर्जात आधीचा नकार विचारला असेल तर तोही सांगावा लागतो.

पॉलिसी हातात आली की सोबत जोडलेली अर्जाची प्रत ओळ न् ओळ वाचा. एजंटाने परस्पर "नाही"वर खूण केलेली असू शकते. चूक दिसली तर लगेच ईमेलने दुरुस्ती मागा; पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परतही करता येते. आणि आई-बाबांना तुमच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीत, घालू नका. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या वयावर ठरतो, शिवाय बाबांच्या एका मोठ्या क्लेमने तुमची आणि मुलांची रक्कमही संपते.

मुलाने आम्हा दोघांना त्याच्या कंपनीच्या विम्यात घातलंय. पहिल्या दिवसापासून सगळे आजार धरलेत. मग स्वतःची पॉलिसी कशाला? – एक निवृत्त वडील, फोंडा

कारण ती पॉलिसी मुलाच्या नोकरीची आहे, तुमची नाही. त्याने राजीनामा दिला की सहसा शेवटच्या कामाच्या दिवशी तुमचंही संरक्षण थांबतं. नवी कंपनी आई-वडिलांना घेईलच असं नाही. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे आणि प्रतीक्षा काळातली झालेली वर्षंही धरली जातात, पण तुमची तब्येत पाहून घ्यायचं की नाही ते कंपनी ठरवते. नेमकं आजारपणानंतर जायला निघालात तर दार अर्धंच उघडं असतं. मुलाने नोकरी सोडण्याचं ठरवलं की एचआरला भेटायच्या आधी तुम्हाला सांगावं, एवढं घरात ठरवून ठेवा.

परवडत असेल तर तुमच्या नावावर छोटी मूळ पॉलिसी आत्ताच सुरू करा, म्हणजे प्रतीक्षेची घड्याळं आजपासून चालू लागतील. तेवढं जमत नसेल तर सुपर टॉप-अप घ्या. समजा पाच लाखांच्या वरचा सुपर टॉप-अप घेतला, तर वर्षभरातली सगळी बिलं मिळून पाच लाख ओलांडली की तो पुढचं देतो. नुसता "टॉप-अप" घेऊ नका. त्यात प्रत्येक आजारपणाचं बिल वेगळं पाच लाखांवर जावं लागतं. तीन-तीन लाखांची दोन बिलं झाली तर काहीच मिळत नाही.

वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, तेव्हा जुन्या कोटेशनवर विसंबू नका. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं. हा नियम जानेवारी २०२५चा.

वडील ७२, आई ६८. मी बोटीवर असतो, सहा-सहा महिने संपर्क नसतो. घरी दीनदयाळ कार्ड आहे. आयुष्मानचं ७० वर्षांवरचं कार्डही काढावं का? – पेडणे

काढावं, आणि पुढच्या फेरीची वाट न पाहता. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांचं संरक्षण, प्रतीक्षा काळ नाही, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून. आधार कार्डावरचं वय चालतं, म्हणून आधारवर जन्मसाल चुकीचं असेल तर आधी ते दुरुस्त करा. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड घेता येतं. केंद्र सरकारी निवृत्तांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर मात्र दोहोंतली एक निवडावी लागते.

आईला ते ७० झाल्यावरच मिळेल. तेव्हा पाच लाख दोघांत मिळून असतील, प्रत्येकी नव्हे.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ही गोव्याची, २०१६ पासूनची. इथे पाच वर्षं वास्तव्य लागतं. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त जण असतील तर चार लाख. आईसाठी तोच आधार, म्हणून नूतनीकरणाची तारीख तुमच्या मोबाइलवर नको, शेजारच्या पुतण्याच्या मोबाइलवर टाका. दोन्ही कार्डं दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत, ओपीडीच्या गोळ्यांसाठी नाहीत. आयुष्मानमध्ये इस्पितळ जोडलेलं असणं पुरत नाही, त्या इस्पितळाचा तो विभागही जोडलेला लागतो. हृदयाचा विभाग असेल आणि हाडांचा नसेल, असं होतं. बेळगावला न्यायचं असेल तर निघण्यापूर्वी १४५५५ वर फोन करून नेमक्या उपचाराचं नाव घेऊन विचारा.

आईचं ऑपरेशन झालं. बिल २,४०,०००, पॉलिसी तीन लाखांची, तरी कंपनीने १,७०,००० च दिले. आम्ही फक्त चांगली खोली घेतली होती. – डिचोली

त्या खोलीनेच पैसे खाल्ले. तुम्ही पाठवलेल्या कागदांत खोलीची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का आहे, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. खोली होती ६,००० ची, पाच दिवस. आपल्याला वाटतं की वरचे १५,००० आपण भरले की झालं. तसं नाही. इस्पितळात सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं खोलीच्या दर्जानुसार महागतं, म्हणून कंपनी तेही त्याच प्रमाणात, इथे निम्मं, कापते. तुमचा हिशेब असा लागतो: खोलीचे ३०,००० पैकी १५,००० मिळाले, सर्जन, थिएटर वगैरे १,१०,००० पैकी ५५,०००, औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांचे १,००,००० पूर्ण. बेरीज १,७०,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, आणि तुमच्या बाबतीत ती लावलेली नाही. कपात बरोबर आहे.

पुढच्या वेळी दाखल करताना काउंटरवर "३,००० च्या आतली खोली" असं आकडा घेऊन सांगा. नूतनीकरणाच्या वेळी खोलीची मर्यादा नसलेली पॉलिसी पाहा. कंपनी बदलायची तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज जायला हवा. झालेली प्रतीक्षा सोबत येते, पण जुन्या विमा रकमेपुरतीच. तीनाचे दहा लाख केलेत तर वरच्या सात लाखांसाठी ती नव्याने मोजली जाते.

आईला पुढच्या उपचारासाठी मुलाकडे मुंबईला नेणार असं लिहिलंत. काही पॉलिसींचा हप्ता शहरानुसार असतो. गोव्याच्या दरात घेतलेल्या अशा पॉलिसीवर मुंबईत उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक टक्का स्वतः भरावा लागतो. पॉलिसीत "झोन" हा शब्द शोधा.

मुलगी मार्चमध्ये २५ पूर्ण करते. आमच्या फ्लोटरमधून ती बाहेर जाईल का? – म्हापसा

बहुतेक पॉलिसींत हो, पुढच्या नूतनीकरणाला. त्याआधी त्याच कंपनीत तिची स्वतंत्र पॉलिसी मागा, म्हणजे तुमच्याबरोबर गेलेली वर्षं तिच्या खात्यात धरली जातील. मध्ये खंड पडला तर ती जातात.

हप्ता अर्धा बाबांच्या पेन्शनमधून, अर्धा माझ्या खात्यातून जातो. आयकराची सूट कोणाला? – वाळपई

ज्याने जेवढा भरला त्याला तेवढी, जुन्या करपद्धतीत असाल तरच. पालक साठीपुढचे असतील तर त्यांच्यासाठी तुम्हाला ५०,००० पर्यंत सूट, तुमच्या कुटुंबाच्या २५,००० च्या शिवाय. ते तुमच्यावर अवलंबून असण्याची अट नाही. हप्ता रोखीने भरला तर सूट नाही. साठीपुढच्या पालकांचा विमाच नसेल, तर त्यांच्या औषधोपचाराचा खर्चही याच ५०,००० च्या मर्यादेत धरता येतो; तोही बँकेतून किंवा यूपीआयने केलेला हवा.

बाबांचा क्लेम "आजार आधीचा होता" म्हणून नाकारला. अर्जात आम्ही तो लिहिला होता आणि चार वर्षं झालीत. आता कुठे जायचं? – काणकोण

तुमची बाजू भक्कम दिसते. अर्जाची प्रत, चारही वर्षांच्या पॉलिसी आणि नकाराचं पत्र जोडून आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. सोबत विमा नियामकाच्या "बीमा भरोसा" पोर्टलवर नोंदवा किंवा १५५२५५ वर फोन करा. केसपेपरवर आजाराची वर्षं चुकीची लिहिली गेली असतील, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून पहिल्या निदानाची तारीख देणारं पत्र घ्या आणि त्या वेळचा रक्ताचा रिपोर्ट जोडा. नुसतं पत्र दिलं तर मागाहून लिहून घेतलं असं म्हणतात.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. गोवा मुंबईच्या लोकपाल कार्यालयाकडे येतो, पुण्याच्या नव्हे. चुकीच्या कार्यालयाकडे पाठवून महिने घालवू नका. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते. अर्जावर पॉलिसीधारकाची सही लागते. बाबा अंथरुणावर असतील तरी ती त्यांचीच घ्या. पॉलिसी तुम्ही काढली असेल, म्हणजे प्रस्तावक तुम्ही असाल, तर सही तुमची, आणि पैसेही तुमच्याच खात्यात येतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जावं लागतं, म्हणून ते पत्र ज्या पाकिटातून किंवा ईमेलने आलं त्यावरच्या तारखेसकट जपून ठेवा.