पुण्यातला आंबिल ओढा पूर्वी शहरातून वाहत होता का? मग त्याचा मार्ग कसा बदलला?

हो, वाहत होता. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा एकेकाळी जुन्या पेठांमधून जाऊन शनिवारवाड्याच्या बाजूला मुठेला मिळायचा. शहर वाढायला लागलं तसं नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात पर्वतीजवळ बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवलं. म्हणून आज तो दांडेकर पुलाखालून मुठेकडे जातो. अडवलेल्या पाण्याचं पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं आणि तळ्यातल्या बेटावर गणपती आला. विसाव्या शतकात ते तळं बुजवून सारसबाग झाली, तरी लोक अजून ‘तळ्यातला गणपती’च म्हणतात. मला ते नाव फार जपावंसं वाटतं, कारण इथे पाणी होतं याची तेवढीच खूण उरली आहे. कात्रजला याच ओढ्यावर तलाव बांधून नळाने पेठांच्या हौदांत पाणी आणलं, तेही नानासाहेब पेशव्यांच्याच काळात.

पेशव्यांनी ओढा वळवला, पण त्याला वाहायला जागा ठेवली. आपण ती भिंती आणि भराव घालून आवळली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी भागात पाणी घरांत शिरलं, माणसं गेली. पात्राची रुंदी ठरवताना ती रात्र समोर ठेवायलाच हवी.