घटस्फोट झाला, आता परभणीला माहेरी राहते. नवरा बीड जिल्ह्यात शेती करतो, सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे. पोटगी मिळेल का?

हो ताई, मिळू शकते, आणि अर्ज परभणीतच करता येतो, बीडला हेलपाटे घालायची गरज नाही. मी कौटुंबिक दावे चालवते, त्यावरून सांगते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५) ‘पत्नी’ म्हणजे पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्रीही येते. मुख्य अट ही की तुम्हाला स्वतःचा खर्च भागवता येत नसावा.

सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून नवरा सुटत नाही. धडधाकट माणसाने मजुरी करूनही बायकोला पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. तरी ‘पाऊस नव्हता, सोयाबीन गेलं’ हे ऐकावं लागेलच. म्हणून आधीच जमवा: सातबारा, आठ-अ, आडत्याच्या पट्ट्या, साखर कारखान्याची ऊसबिलं, ट्रॅक्टर किंवा जोडधंदा असेल तर त्याचा पुरावा. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२० च्या निकालानुसार दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, तेव्हा उशीर करू नका. हुकूम होऊनही पैसे थकले तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा.

मात्र घटस्फोट संमतीने झाला असेल आणि तडजोडीत एकरकमी पैसे घेऊन पुढचा हक्क सोडल्याचं लिहिलं असेल, तर प्रकरण अवघड होतं. हुकूमनाम्याची नक्कल वकिलाला आधी दाखवा. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.