पीसीचा खरखराट: आधी बँड बघा, मग कॅबिनेटला हात लावा

पीसी चालू केला की हॅम रेडिओच्या ७ मेगाहर्ट्झ बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) खरखर, आणि कॅबिनेटला आतून अॅल्युमिनियम फॉइल चिकटवूनही फरक नाही, असं लिहिलंय तुम्ही. फरक पडणारही नाही. या बँडची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर. इथे कॅबिनेटच्या फटी किरकोळ, बाहेर निघणाऱ्या केबलीच अँटेना होतात. फॉइल काढूनच टाका, सुटून मदरबोर्डवर पडलं तर शॉर्ट होईल.

मॉनिटर, लॅन, यूएसबी एकेक काढत रेडिओचा एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा) बघा. मॉनिटरचा अॅडॉप्टरही सॉकेटमधून काढा, पुष्कळदा चोर तोच असतो. सापडलेल्या केबलचे ३१ मिक्स या प्रकारच्या फेराइटच्या २.४ इंची टोरॉइडवर (कड्यावर) १०-१२ वेढे घ्या, कॅबिनेटला अगदी लागून. एका वेढ्याची क्लिपवाली फेराइट इथे जवळपास निरुपयोगी. अशा चोकचा (खरखर अडवणाऱ्या गुंडाळीचा) परिणाम ढोबळमानाने वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. मेन्सची केबल अर्थिंगसकट अख्खीच गुंडाळा. टू-पिन कन्व्हर्टर असेल तर आजच फेका: अर्थिंग नसेल तर एसएमपीएसचा (पीसीच्या पॉवर सप्लायचा) फिल्टर अर्धा लंगडा होतो आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

४३५ मेगाहर्ट्झवर त्रास असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अर्धी तरंगलांबी साडेचौतीस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास साइड पॅनलच्या कडेएवढी. फट कागदाएवढी बारीक असली तरी गळते, कारण रुंदीपेक्षा लांबी महत्त्वाची. पॅनल धातूचं दिसतं, पण कडेला पावडर कोटिंग असतं, म्हणजे विजेच्या हिशेबाने ते मागच्या दोन स्क्रूंवरच टेकलेलं. मदरबोर्ड बाहेर काढून (धातूचा कीस आत नको) पॅनल आणि चासी (कॅबिनेटचा सांगाडा) जिथे टेकतात तिथल्या दोन्हींच्या कडांचा फक्त रंग खरवडा, खालचा जस्ताचा थर राखा, नाहीतर कोकणच्या हवेत गंजेल. दर ३ सेंटिमीटरला स्पर्श हवा: स्प्रिंग फिंगर (धातूच्या लवचिक पट्ट्या) किंवा कंडक्टिव्ह गॅस्केट (वीज वाहणारी मऊ पट्टी). तांब्याची टेप घेताना तिचा गोंदही कंडक्टिव्ह आहे ना, विचारा. शेवटी मल्टिमीटरने पॅनल ते चासी मोजा, एक ओहमच्या आत यायला हवं. काचेचं पॅनल असेल तर ही मेहनत वायाच, पत्र्याचं पॅनल मिळवा.

खरवडण्याआधी वॉरंटीबद्दल लेखी विचारा. इथल्या एका सर्व्हिस सेंटरने "पीसी चालतोय ना, मग तक्रार कसली?" म्हणून परत पाठवलं, आणि पुढे एसएमपीएस गेल्यावर रंग खरवडल्याचं कारण देत वॉरंटीच नाकारली. रंगाचा आणि एसएमपीएसचा संबंध काय, ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. संताप याचाच येतो.

तुमचा एसएमपीएस कुठला आणि अँटेना पीसीपासून किती लांब, तेवढं लिहा.